फायबर ब्रॉडबँड, जुळे सोलापूर : वेगाला पैकीच्या पैकी, तक्रारीच्या नोंदीला सर्वांत कमी गुण

जुळे सोलापुरातल्या आमच्या वसाहतीत घरोघरी फायबरची जोडणी देणाऱ्या एका सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे. मूळ कंपनी परवानाधारक आहे आणि तिच्या वतीने पूर्वी केबल टीव्हीचे काम करणारा एक स्थानिक फ्रँचायझी जोडणी, वसुली आणि दुरुस्ती पाहतो. दोघांचीही नावे मी येथे देत नाही, कारण पुढे जे दोष लिहिणार आहे ते एकट्या याच सेवेचे आहेत असे मला वाटत नाही. मी करसल्लागार आहे, घरातल्याच एका खोलीत माझे कार्यालय चालते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत टॉवेल-चादरीचे छोटे कारखानदार आणि शाळेचे गणवेश शिवणारे उद्योजक बहुसंख्य आहेत. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार हे सगळे इंटरनेटवरच होत असल्यामुळे माझ्या घरची जोडणी बंद पडली की माझ्याबरोबर दहा-पंधरा यंत्रमागवाल्यांचे काम खोळंबते. म्हणून माझे मत आधीच सांगतो : चालू असताना ही सेवा अतिशय चांगली आहे, पण बंद पडल्यावर ती कायद्याला अपेक्षित असलेल्या रीतीने वागत नाही, आणि ब्रॉडबँडचा खरा कस बंद पडलेल्या दिवशीच लागतो.

चांगल्या बाजूपासून सुरुवात करतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांनुसार ग्राहकाने पैसे भरल्यापासून सात दिवसांच्या आत ९८ टक्के ब्रॉडबँड जोडण्या सुरू व्हायला हव्यात. आमची जोडणी त्याहून पुष्कळ लवकर सुरू झाली. खांबावरून गच्चीपर्यंत आलेली वायर नीट क्लिपा मारून भिंतीला धरून खाली आणली होती, भिंतीला पाडलेले भोक सिलिकॉनने बुजवले होते, आणि जाण्यापूर्वी मुलाने पॉवर मीटरवर प्रकाशाची पातळी मोजून मला दाखवली. ती उणे एकोणीस डीबीएमच्या आसपास होती. उणे सत्तावीसच्या खाली गेली की घरातली पेटी सिग्नल धरू शकत नाही, हेही त्याने न विचारता सांगितले. इतक्या आस्थेने काम करणारी माणसे या व्यवसायात आहेत ही समाधानाची गोष्ट आहे.

वेगाबद्दल तक्रार नाही. शंभर एमबीपीएसची योजना घेतली आहे आणि लॅपटॉपला थेट वायर जोडून मोजले तर संध्याकाळच्या गर्दीतही वेग नव्वदच्या खाली क्वचितच जातो. (वायफायवर मोजलेला वेग हा भिंतींचाही वेग असतो, म्हणून तक्रार करण्यापूर्वी वायरने मोजावे.) आपल्याकडे ब्रॉडबँड कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ पासून ती २ एमबीपीएस आहे. त्या मानाने आज सोलापुरात मिळणारा वेग कितीतरी पुढे आहे. किंमतही वाजवी आहे, मात्र जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो आणि तो आधी स्पष्ट सांगितला जात नाही. करसल्लागाराला हे खटकणारच, पण हा लहान मुद्दा आहे.

आता मोठा मुद्दा. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या मागच्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपलाइनचे खोदकाम सुरू झाले आणि जेसीबीने फायबर तोडली. घरातल्या पेटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, तांबडा दिवा लुकलुकू लागला. फ्रँचायझीच्या मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पलीकडं पाइपलाइनवाल्यांनी उकरलंय बघा, वायर तुटलीय. उद्या येतो की." त्या उद्याला पुढे बरेच उद्या जोडले गेले. खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि केबलवाल्याला सावध होता यावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप सुरू केले आहे. आमच्या रस्त्यावर त्याचा उपयोग झाल्याचे काही दिसले नाही.

दुरुस्ती झाली तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन उभा राहिलो. शिडीवर बसायला जागा नाही म्हणून मुलाने स्प्लायसिंगचे, म्हणजे तुटलेली फायबर सांधण्याचे, यंत्र दुचाकीच्या सीटवर ठेवले होते, वर ओला टॉवेल धरून एक जण सावली करत होता. केसासारखी काचेची तार सोलून, स्पिरिटने पुसून, कापून त्याने दोन टोके यंत्रात समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती मोठी होऊन दिसली, एक बारीक ठिणगी पडली आणि जोड बसला. त्यावर नळी सरकवून ती गरम करेपर्यंत पाच मिनिटेही लागली नाहीत. काम अवघ्या काही मिनिटांचे होते आणि त्यासाठी झालेली प्रतीक्षा मात्र नियमातली तीन दिवसांची मर्यादा केव्हाच ओलांडून गेली होती. मी दोष त्या मुलाला देत नाही. एका यंत्रावर आणि दोन माणसांवर अर्ध्या जुळे सोलापूरचे काम ढकलणाऱ्या व्यवस्थेला देतो.

तीन दिवसांच्या या मर्यादेला कायद्यात अर्थ आहे, आणि ती का आहे हे सेवा घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे विनियम काढले तेव्हाच त्यांत भाड्यातल्या सवलतीचे कोष्टक घातले होते : बिघाड कामकाजाच्या तीन दिवसांहून अधिक राहिला तर सात दिवसांचे, सात दिवसांहून अधिक राहिला तर पंधरा दिवसांचे आणि पंधरा दिवसांहून अधिक राहिला तर एका महिन्याचे भाडे ग्राहकाला सोडायचे, किंवा तेवढा वापर वाढवून द्यायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या विनियमांतही तीन दिवसांहून अधिक बंद राहिलेल्या जोडणीला भाड्यात सूट देण्याचे तत्त्व कायम आहे. गुणवत्तेचे निकष न पाळणाऱ्या कंपनीला होणारा दंडही या विनियमांनी वाढवला, आणि तो १ लाखापासून १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

मग अडते कुठे? दिवसांची मोजणी सुरू होते ती तक्रार नोंदवल्यापासून, आणि नोंद म्हणजे ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार कंपनीच्या तक्रार केंद्राने दिलेला तक्रार क्रमांक. वायरवाल्या मुलाला केलेला फोन, त्याला पाठवलेला लुकलुकत्या दिव्याचा व्हिडिओ, त्याने दिलेले "झालं साहेब, सांगितलंय वर" हे उत्तर, यांतले काहीही कंपनीच्या नोंदवहीत जात नाही. कंपनीच्या दप्तरी आपली जोडणी एक क्षणही बंद पडलेली नसते. फ्रँचायझीच्या कार्यालयात मी क्रमांक मागितला तेव्हा तिथल्या माणसाने अगदी आपुलकीने सांगितले, "अहो काका, नंबर कशाला पाहिजे? आपण घरचेच की." ही आपुलकी खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण सेवेचा दर्जा ठरवण्याची सगळी यंत्रणा ज्या एका आकड्यावर उभी आहे तोच आकडा ग्राहकाच्या हाती पडत नसेल, तर विनियमांतले कोष्टक ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. या सेवेला मी सर्वांत कमी गुण देतो ते याच ठिकाणी.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का, हे न्यायालयांचा इतिहास पाहिल्यावर अधिक पटते. टेलिफोन किंवा इंटरनेटच्या तक्रारीसाठी ग्राहक मंचात जाता येते की नाही, हाच प्रश्न कित्येक वर्षे वादाचा होता. केरळमधील एका ग्राहकाचा फोन बिल थकल्यावरून तोडला गेला, कोझिकोडच्या ग्राहक मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने म्हटले की १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ७ ब मध्ये लवादाची तरतूद असल्यामुळे ग्राहक मंचाला असे प्रकरण ऐकता येणार नाही. कलम ७ ब मधला लवाद नेमणार केंद्र सरकार. जुळे सोलापुरातल्या माणसाने पाचशे-सातशे रुपयांच्या सवलतीसाठी त्या वाटेला जावे अशी अपेक्षा कोणी केली तरी ती पुरी होण्यासारखी नव्हती. त्यानंतर देशभरातल्या मंचांपुढे कंपन्यांचे वकील हाच निकाल ठेवत राहिले.

ही कोंडी १६ फेब्रुवारी २०२२ रोजी फुटली. अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याला सरासरी ५५५ रुपयांचे मोबाइल बिल येत असे, आणि एका महिन्यात ते एकदम २४,६०९ रुपयांचे आले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचात तक्रार केली, व्होडाफोन आयडिया कंपनीने मंचाच्या अधिकारावरच आक्षेप घेतला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, सूर्यकांत आणि विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की ग्राहक संरक्षण कायद्यातली सेवेची व्याख्या व्यापक आहे, दूरसंचार सेवा तिच्यात येते, आणि तार कायद्यात वेगळा उपाय आहे म्हणून ग्राहक आयोगाचे (म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाचे) दार बंद होत नाही. लाखो रुपयांच्या वादाने नव्हे, तर एका सामान्य बिलाच्या भांडणाने हा अधिकार सर्वांना परत मिळवून दिला, आणि तो माणूस इतकी वर्षे चिकाटीने लढला नसता तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात ब्रॉडबँडची तक्रार नेणाऱ्याला आजही २००९ चा निकाल दाखवला गेला असता.

दुसरा एक निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला आणि तोही समजून घेण्यासारखा आहे. ट्रायने ऑक्टोबर २०१५ मध्ये असा नियम केला की मोबाइलवरचे बोलणे मध्येच तुटले तर ग्राहकाला एका कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, भरपाई द्यावी. दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, पण ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ट्रायच्याच निकषांप्रमाणे २ टक्क्यांपर्यंत कॉल तुटणे मान्य असताना प्रत्येक तुटलेल्या कॉलला भरपाई लावणे मनमानीचे आहे, आणि नियम करताना पुरेशी पारदर्शकता पाळली गेली नाही, अशी त्यामागची कारणे होती. हा वाद मोबाइलचा होता, ब्रॉडबँडचा नव्हता. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : भरपाई मोजता येणाऱ्या निकषाला आणि नोंदीला बांधलेली असेल तरच ती न्यायालयात टिकते. माझ्या मते ब्रॉडबँडच्या भाडेसवलतीचे कोष्टक हे असे बांधलेले आहे, आणि म्हणूनच तक्रार क्रमांकाला इतके महत्त्व आहे.

अमेरिकेत तर नियामकाला ब्रॉडबँडवर नियम करण्याचा अधिकार आहे की नाही, यावरच वर्षानुवर्षे खटले चालले. तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१५ मध्ये ब्रॉडबँडला टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा मानले, २०१७ मध्ये ते मागे घेतले, २०२४ मध्ये पुन्हा मानले, आणि २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते रद्द केले. आपल्याकडे ही अनिश्चितता नाही. ट्रायचे विनियम हे संसदेच्या कायद्याखाली केलेले दुय्यम कायदे आहेत आणि त्यांची वैधता दूरसंचाराचे वाद ऐकणाऱ्या टीडीसॅट या न्यायाधिकरणालाही तपासता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१३ च्या निकालात सांगितले आहे. त्यांना आव्हान द्यायचे तर कंपनीला उच्च न्यायालयातच जावे लागते. ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांनी अमुक संकेतस्थळ फुकट आणि तमुक महाग असा दरभेद करण्याला बंदी घातली, तीही अजून लागू आहे. नियम भक्कम असताना वसाहतीच्या पातळीवर त्यांची अंमलबजावणी इतकी पातळ असावी, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण या सेवेला शून्य गुण देणे अन्यायाचे ठरेल. फ्रँचायझीवर विसंबून न राहता मी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली होती आणि तिचा क्रमांक एसएमएसने आला होता. जोडणी सुरू झाल्यावर सवलत मागितली तेव्हा फ्रँचायझीचे उत्तर होते, "तुमचा प्लॅन प्रीपेड आहे, त्यात सूट नसते." सोलापुरात बहुतेक घरगुती जोडण्या आता सहा महिने किंवा वर्षाचे पैसे आगाऊ घेऊनच दिल्या जातात, त्यामुळे हे उत्तर अनेकांनी ऐकले असेल. मी कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याला ईमेल लिहिला. तक्रार केंद्राकडून समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत असे अपील करता येते, त्याला शुल्क नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ईमेलमध्ये तक्रार क्रमांक, बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची तारीख, आणि २००६ च्या कोष्टकातली ओळ एवढेच लिहिले होते. मुदतीच्या आत उत्तर आले आणि माझ्या योजनेची मुदत कोष्टकाप्रमाणे वाढवून मिळाली. म्हणजे वरच्या पातळीवर कंपनी नियम जाणते आणि मागितल्यावर पाळतेही. न मागणाऱ्या शेजाऱ्यांना मात्र, वायर त्याच खांबावर आणि त्याच दिवशी तुटलेली असूनही, एका दिवसाचीही सवलत मिळाली नाही.

ही सेवा घेणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी. पावती कोणाच्या नावाची आहे ते पाहावे. अनेक ठिकाणी फ्रँचायझी आपल्याच नावाच्या छोट्या चिठ्ठीवर पैसे घेतो, त्यावर ना परवानाधारक कंपनीचे नाव असते ना जीएसटी क्रमांक, आणि पुढे वाद झाला तर आपण नेमके कोणाचे ग्राहक होतो हेच सिद्ध करावे लागते. आमच्याकडेही मागितल्याशिवाय पक्के बिल मिळाले नाही. मागितल्यावर ॲपवर आले, आणि त्यात कंपनीचे नाव आणि कर दोन्ही बरोबर होते.

छोट्या कारखानदारांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला लागू होत नाही, आणि स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवणाऱ्याला कायद्याने दिलेली सवलत शब्दशः विकत घेतलेल्या वस्तूंपुरती आहे, सेवांचा तिच्यात उल्लेख नाही. स्वतः मागावर उभा राहून चार माग चालवणारा विणकर आणि एमआयडीसीतला पन्नास कामगारांचा कारखाना यांच्यात सेवेच्या बाबतीत फरक केला जाईलच, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही. जोडणी कोणाच्या नावावर आणि घरगुती की व्यावसायिक योजनेवर घेतली आहे, हा प्रश्न आयोगापुढे निश्चित येतो. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे कंपनीचे मुख्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले तरी सोलापूरच्याच आयोगात. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोगात जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, पुष्कळदा तेवढ्याने भागते. ट्रायला मात्र लिहू नये, कारण वैयक्तिक तक्रार सोडवणे हे ट्रायचे काम नाही. ट्राय ती फक्त कंपनीकडे पाठवते.

या सेवेत सुधारणा करायला फार खर्च लागणार नाही. फ्रँचायझीच्या मुलाच्या फोनमध्येच तक्रार नोंदवण्याची सोय कंपनीने द्यावी, म्हणजे ग्राहकाचा फोन आला की त्याच क्षणी क्रमांक तयार होऊन ग्राहकाला एसएमएस जाईल. एका भागात वायर तुटली की त्या भागातल्या सगळ्यांच्या योजना न मागता वाढवाव्यात. कुठल्या खांबावर कोण आहे हे कंपनीला ठाऊक असतेच. आणि उन्हाळ्यात, जेव्हा महापालिकेची खोदकामे जोरात असतात, तेव्हा स्प्लायसिंग करणाऱ्या माणसांची आणखी एक जोडी जुळे सोलापूरला द्यावी. हे सगळे मी अपिलीय प्राधिकाऱ्याला दुसऱ्या ईमेलमध्ये लिहिले आहे.

वेग आणि जोडणीचे काम यांना पाचपैकी पाच, दुरुस्तीला दोन, तक्रारीच्या नोंदीला एक, आणि अपिलाच्या टप्प्याला चार गुण देतो. मुदत संपत आली तेव्हा जोडणी चालूच ठेवली, फक्त वर्षाचे पैसे एकदम न भरता तीन महिन्यांची योजना घेतली. ती किंचित महाग पडते, पण सेवा ढासळली तर तीन महिन्यांत दुसरीकडे जाता येते.